ब्रुनेलेस्कीचा घुमट, एकास वीस: सेंट्रिंगशिवाय केलेल्या विटकामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल फियोरे या कॅथेड्रलचा घुमट लाकडी सेंट्रिंग, म्हणजे बांधकाम घट्ट होईपर्यंत खालून तोलणारा तात्पुरता आधार, न लावता बांधला गेला, हे स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी बहुधा ऐकलेले असते. पण तसे बांधताना प्रत्येक वीट कुठे आणि किती कलती ठेवायची हे गवंड्याला कशावरून कळत होते, याची माहिती सहसा मिळत नाही. ती हाताने काम करूनच मिळवावी म्हणून घुमटाच्या दोन कवचांपैकी आतल्याची एकास वीस प्रमाणातील प्रतिकृती विटा-चुन्यात उभारण्याचे काम आजपासून कार्यशाळेमागच्या मोकळ्या जागेत सुरू केले. बाहेरचे कवच फक्त एका बाजूवर, तेही शेवटी करायचे आहे.

मूळ घुमट अष्टकोनी आहे आणि त्याचा गाळा समोरासमोरच्या भिंतींमध्ये ७२ ब्राच्चो आहे. ब्राच्चो हे फ्लॉरेन्सचे जुने माप, सुमारे ५८ सेंटीमीटरचे, म्हणजे गाळा साधारण ४२ मीटरचा झाला. आमच्याकडे तो २१० सेंटीमीटर येतो आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर २२७ सेंटीमीटर. कोपऱ्यांची वक्रता ज्या कमानीची आहे तिची त्रिज्या या कर्णाच्या चार पंचमांश असते, म्हणून आमची दोरी १८२ सेंटीमीटरची आणि तिची खुंटी समोरच्या कोपऱ्यापासून साडेपंचेचाळीस सेंटीमीटर आत. या हिशेबात चुकायला फारशी जागा नाही. पुढचे सगळे मात्र चुकण्याजोगे आहे, असे ड्रमची, म्हणजे घुमट ज्यावर बसतो ती, अष्टकोनी भिंत रचतानाच लक्षात आले.

मूळ घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीनेही आधी प्रतिकृतीच केली होती. १९ ऑगस्ट १४१८ रोजी घुमटाच्या बांधकामासाठी स्पर्धा जाहीर झाली, बक्षीस २०० फ्लोरिनचे होते, आणि त्याने गवंडी लावून विटा-चुन्याचा घुमट सेंट्रिंगशिवाय बांधून परीक्षकांपुढे ठेवला. तोंडी आश्वासनापेक्षा उभे काम बरे, हे त्याला पक्के ठाऊक असावे.

१९ नोव्हेंबर

विटा कुंभाराकडून साच्यात पाडून आव्यात भाजून घेतल्या. आपल्या नेहमीच्या विटेच्या एक तृतीयांश माप ठेवले आहे: ७५ बाय ३६ बाय २५ मिलिमीटर. घुमट एकास वीस आणि वीट एकास तीन, ही विसंगती जाणूनबुजून पत्करली. वीटही एकास वीस केली असती तर ती चिमटीने लावावी लागली असती. आठ हजार विटा सांगितल्या होत्या. पहिल्या खेपेतील बऱ्याच वाकड्या निघाल्या, कारण इतकी बारीक वीट उन्हात एकाच अंगाने सुकली की कमानते. दुसऱ्या खेपेला सावलीत पालटून पालटून सुकवायला सांगितल्यावर तक्रार राहिली नाही.

चुन्याने अधिक दिवस खाल्ले. नुसता कळीचा चुना आणि वाळू घेऊन रचलेला नमुन्याचा तुकडा आठवड्यानंतरही नखाने कोरला जात होता. असा चुना हवेतून घट्ट होतो आणि आतला भाग फार काळ ओलाच राहतो. विटांची बारीक भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून पुन्हा नमुना केला, तेव्हा तो तीन-चार दिवसांत हाताचा दाब सोसू लागला. सिमेंट घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता, पण मग प्रत्येक वीट सिमेंटच्या जोरावर चिकटली असती आणि पडताळायचे होते ते बाजूला पडले असते.

८ डिसेंबर

पहिले थर झाले. मूळ घुमटाच्या तळाचे थर दगडाचे आहेत आणि विटकाम त्यांच्या वर सुरू होते. आम्ही तळापासून वीटच लावली.

ज्यांना हे काम करून पाहायचे आहे त्यांनी पुढचे आकडे आधी मांडून पाहावेत. गोल घुमटाचा प्रत्येक थर पूर्ण झाला की कड्यासारखा स्वतःलाच अडकतो आणि आत पडत नाही. अष्टकोनी थर तसा अडकत नाही. त्याच्या सरळ बाजू मधोमध आत ढळू शकतात. मग ब्रुनेलेस्कीचा अष्टकोन उभा कसा राहिला? १४२० च्या तपशीलपत्रात आतल्या कवचाची जाडी तळाशी पावणेचार ब्राच्चो आणि माथ्याशी अडीच ब्राच्चो सांगितली आहे. तळाची जाडी आमच्या प्रमाणात ११ सेंटीमीटर होते. मध्यापासून बाजूच्या आतल्या पृष्ठभागाचे अंतर १०५ सेंटीमीटर, बाहेरच्या पृष्ठभागाचे ११६, आणि आतल्या कोपऱ्याचे साधारण ११३.७. म्हणजे ११३.७ पासून ११६ पर्यंतचे, सव्वादोन सेंटीमीटर जाडीचे एक अखंड गोल कडे या अष्टकोनी भिंतीच्या पोटात पुरते मावते. प्रत्यक्ष घुमटात त्याची जाडी अर्ध्या मीटरच्या थोडी खाली येते. बाहेरून अष्टकोन दिसतो, पण भार वाहणारे काम गोल घुमटाचे आहे. भिंत इतकी जाड ठेवण्याचे कारण हेच, असे आमचे मत या आकड्यांवरून झाले आहे.

हे कडे कोपऱ्यात भिंतीच्या आतल्या अंगाला लागून जाते आणि बाजूच्या मधोमध बाहेरच्या अंगाला. नेमके तिथेच आमचे काम कच्चे होते. दिसणारी बाजू आतली म्हणून मिस्त्रींनी तिथे सांधे सुरेख भरले आणि मागच्या, बाहेरच्या ओळीत विटांचे तुकडे व चुना कोंबून वेळ मारून नेली. भिंतीच्या बाबतीत हे चालून जाते. इथे मागची ओळच काम करणार असल्याने चार थर उतरवून पुन्हा लावले.

२१ डिसेंबर

मूळ घुमटात वाळूच्या दगडाचे लांब ठोकळे लोखंडी आकड्यांनी जोडून केलेल्या साखळ्या भिंतीत गाडलेल्या आहेत, शिवाय चेस्टनटच्या २४ तुळयांची एक लाकडी साखळी आहे. आम्ही एक सळईचे अष्टकोनी कडे दाखवण्यापुरते घातले, त्याहून जास्त नाही. प्रतिकृती वीसपट लहान केली की स्वतःच्या वजनाने येणारा ताणही वीसपट कमी होतो, त्यामुळे साखळीची गरज आहे की नाही हे या प्रयोगातून कधीच कळणार नाही. फ्लॉरेन्सच्या खऱ्या घुमटाला साखळ्या असूनही चार बाजूंना उभ्या मोठ्या भेगा आहेत आणि त्यांच्यावर उपकरणांनी पाळत ठेवलेली असते. आमच्या घुमटाला भेग पडली नाही, यावरून कोणी साखळ्यांविषयी निष्कर्ष काढू नये.

खुंट्यांची मात्र अडचण झाली. आठ कोपऱ्यांसाठी आठ पाइप जमिनीत रोवले होते आणि दोन मीटरच्या गाळ्यात त्यांच्यामधून वावरताना एकाला धक्का लागून तो हलला. हे उशिरा कळले. आता मध्ये एकच जाड पाइप घट्ट बसवून, ड्रमच्या माथ्याच्या पातळीवर त्याला ६८ सेंटीमीटर लांबीचे आठ काढता येणारे हात बोल्टने जोडले आहेत. प्रत्येक हाताचे टोक ही समोरच्या कोपऱ्याची खुंटी.

५ जानेवारी २०२५

कोपऱ्यांची दोरी बरोबर होती. बाजूंच्या मधोमध मात्र आम्ही त्याच नियमाने दुसरी दोरी लावली होती: २१० सेंटीमीटरच्या चार पंचमांश, म्हणजे १६८. वरवर हे तर्काला धरून वाटते, पण चुकीचे आहे. कोपरा वर्तुळाच्या कमानीवर चढत असेल तर बाजूचा मध्य वर्तुळावर चढत नाही. प्रत्येक उंचीला त्याचे मध्यापासूनचे अंतर कोपऱ्याच्या अंतराच्या ०.९२४ पट असावे लागते आणि ती रेषा लंबवर्तुळाची होते. चाळीस सेंटीमीटर उंचीपर्यंत फरक सात मिलिमीटरच्या आत असल्याने नजरेत आला नाही. साठ सेंटीमीटरवर बाजू मधोमध दीड सेंटीमीटर आत गेलेली आढळली, आणि तसेच पुढे गेलो असतो तर माथ्याशी बाजू आणि कोपरे यांची गाठच पडली नसती.

चाळीसच्या वरचे सगळे उतरवले. चुना ओला असल्याने विटा बहुतेक शाबूत निघाल्या, पण त्या धुऊन, सुकवून पुन्हा वापरण्यात आठवडा गेला. आता बाजूसाठी वेगळी त्रिज्या नाही: दोन कोपऱ्यांच्या दरम्यान एकाच पातळीवर दोरी ताणायची आणि बाजूचा आतला पृष्ठभाग तिला लागतो की नाही ते पाहायचे. आडव्या छेदात घुमट अष्टकोनच असल्याने ही कसोटी प्रत्येक उंचीला खरी ठरते.

१४ जानेवारी

आज मिस्त्रींशी बराच वाद झाला, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे ठरले तरी वाजवी होते. थर आतल्या बाजूला कलता घ्यायचा हे त्यांना मान्य होते, पण बाजूच्या लांबीत तो पाणपातळीत असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. "सर, पाणपातळी सोडली तर भिंतीने भरवसा कशाचा धरायचा?" असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांच्या पद्धतीने दोन बाजू लावून पाहिल्या. दोन्हींचे कलते थर कोपऱ्यात भेटले तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार झाली, आणि कोपरा साधणारी वीट ठेवली तेव्हा ती दोन टोकांवर टेकली व तिच्या पोटाखाली पोकळी राहिली. तिला बोटाने दाबले की ती डुलत होती. म्हणजे सगळ्यात जास्त पकड जिथे हवी, तिथेच पकड नाही.

यावर उपाय एकच: थर सपाट न घेता शंकूच्या पृष्ठभागावर घ्यायचा. मग कोपरा मध्यापासून लांब असल्यामुळे तिथे थर वर जातो आणि बाजूच्या मधोमध खाली झोळ पडतो. फ्लॉरेन्सच्या घुमटात विटांचे थर असेच सैल दोरीसारखे झोळ घेतलेले आहेत. आमच्या साठ सेंटीमीटर उंचीच्या थराला हा झोळ सुमारे अडीच सेंटीमीटरचा येतो.

तो साधण्याची रीत पुढीलप्रमाणे ठरली. हाताच्या टोकापासून समोरच्या कोपऱ्यातील विटेपर्यंत दोरी ताणायची. ती मधल्या पाइपला जिथे टेकते तिथे सरकती कडी आवळायची. साठ सेंटीमीटरच्या थराला ही जागा ड्रमच्या माथ्यापासून २४ सेंटीमीटरवर येते. त्यानंतर त्या कडीला बांधलेली दुसरी दोरी संपूर्ण अष्टकोनभर फिरवायची. ती जिथे जाईल तिथे विटेचा तळ तिच्या रेषेत, आणि विटेचा उभा सांधाही तिच्याच दिशेला. थर बदलला की कडी वर सरकते. चाळीस सेंटीमीटरच्या सपाट थरावरून या झोळदार थरावर येताना कोपऱ्यांत पातळ फोडलेल्या विटांची भर घालावी लागली; सुरुवातीपासूनच कडी वापरली असती तर ती लागली नसती.

१४२६ च्या सुधारित तपशीलपत्रात विटकाम तपासण्यासाठी तीन दोऱ्यांच्या साधनाचा उल्लेख आहे. ते नेमके कसे चालत असे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि जमिनीपासून पन्नास मीटरहून उंचावर आमच्यासारखा मधला पाइप उभा करता येणे शक्य नव्हते. आमची कडी ही ब्रुनेलेस्कीची युक्ती असल्याचा दावा नाही. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीकाठच्या आंकोनेल्ला उद्यानात वास्तुविशारद मास्सिमो रिच्ची यांनी एकास पाच प्रमाणातील विटांची प्रतिकृती उभारली आहे. तिथे दोऱ्या लावण्याची त्यांची पद्धत आमच्यापेक्षा निराळी आहे.

पाणपातळीची नळी फेकली नाही. बाजूची दोरी एकाच पातळीत ताणली आहे की नाही हे तिनेच पाहतो, आणि त्यामुळे मिस्त्रीही आता समाधानी आहेत.

२ फेब्रुवारी

हेरिंगबोन या विटांच्या रचनेविषयी. मूळ घुमटात ठरावीक अंतरावर एक वीट उभी लावलेली असते आणि पुढच्या थरात ती एका विटेने सरकते, त्यामुळे उभ्या विटांच्या तिरप्या रेषा जिन्यासारख्या वळत माथ्यापर्यंत जातात. आम्हीही तशा लावत होतो, पण एक दिवस मुद्दाम उभ्या विटा न लावता अर्धा थर घेऊन पाहिला आणि काहीच बिघडले नाही. कारण उघड आहे: आमची वीट दीडशे ग्रॅमच्या आसपास, तिला चुन्याची चिकटच पुरते. म्हणजे हेरिंगबोनची परीक्षा या प्रतिकृतीवर होऊच शकत नाही. हे आधी सुचायला हवे होते.

म्हणून नेहमीच्या मापाच्या विटांचा वेगळा तुकडा केला. पन्नास अंशांचा कलता पाया सिमेंटमध्ये पक्का केला आणि त्यावर चुन्यात थर लावायला घेतला. कोरड्या विटा चिकटल्या, कारण त्यांनी चुन्यातील पाणी झटकन शोषले. पण चार दिवसांनी तोच चुना सांध्यातून पिठासारखा गळू लागला. नीट भिजवलेल्या विटा लावल्यावर तिसरी-चौथी वीट ठेवताच पहिली हळूहळू खाली घसरू लागली, आणि थापीच्या ठोक्यासरशी दोन विटा निघून खाली आल्या. मग घट्ट झालेल्या थरांत अर्धवट रोवलेल्या उभ्या विटा ठेवून त्यांच्या मध्ये भिजवलेल्या विटा लावल्या. त्या थोडा वेळ टिकल्या आणि त्याही सरकल्या.

तुकडा सरळ होता, हे त्यामागचे कारण. पुन्हा पाया घातला, या वेळी नकाशात तीन मीटर त्रिज्येचा वाकदार, आणि सगळे उभे सांधे मध्याच्या दिशेने धरले. आता दोन उभ्या विटांमधील चार विटा आतल्या बाजूला अरुंद होत जाणाऱ्या जागेत पाचरीसारख्या बसल्या. ओल्या चुन्यातही त्या सरकल्या नाहीत. वरून हाताने दाबल्या तरी हलल्या नाहीत. उभी वीट खालच्या घट्ट थरांना धरून असते, मधल्या विटा तिच्या आधाराने छोटी आडवी कमान होतात, आणि संपूर्ण थराचे कडे पूर्ण होईपर्यंत कोणालाही कोणाची वाट पाहावी लागत नाही. सांधे मध्याकडे वळलेले नसतील तर उभी वीट ही केवळ नक्षी ठरते. हेरिंगबोनवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या नागमोडीवरच थांबतात. आमच्या मते खरे काम सांध्याच्या दिशेचे आहे.

२०१२ मध्ये कॅथेड्रलच्या संग्रहालयाच्या विस्तारासाठी खोदकाम करताना तिथेच सुमारे तीन मीटर व्यासाच्या, हेरिंगबोन विटकामाच्या लहानशा घुमटाचे अवशेष सापडले होते. मोठ्या कामाआधी तिथल्या गवंड्यांनीही असाच तुकडा बांधून हात बसवला असेल, हा तर्क आम्हाला आता फारच पटण्याजोगा वाटतो.

२० फेब्रुवारी

वेग: दिवसाला एक थर, कधी दोन. चुना बसण्याआधी पुढचा थर घेतला की खालचा आत ढळतो, त्यामुळे अष्टकोनाची फेरी पूर्ण केल्याशिवाय आणि रात्र मध्ये गेल्याशिवाय उभ्या विटांवर भार टाकत नाही. आठही बाजू एकदमच वर न्यायच्या. एक बाजू पुढे गेली की कडे तुटते.

१४२० च्या तपशीलपत्रात तीस ब्राच्चो उंचीपर्यंत सेंट्रिंगशिवाय जावे आणि त्यापुढे काय करायचे ते तेव्हाच्या कारागिरांनी ठरवावे, कारण बांधकामात पुढची वाट अनुभवच दाखवतो, अशा अर्थाचे कलम आहे. कंत्राटाच्या कागदात इतका प्रामाणिकपणा आज कोणी लिहून देणार नाही.

२३ मार्च

माथ्याशी थरांचा कल साठ अंशांच्या पुढे गेला आहे. मिस्त्रींना आतून काम करायला जागा उरली नाही म्हणून शेवटचे थर बाहेरच्या परांचीवरून, उलटा हात घालून लावले. ते तितके सुबक नाहीत आणि ते पुन्हा करण्याचा विचारही नाही. ऊन वाढल्याने चुना दुपारी करपतो, त्यामुळे काम सकाळी दहाच्या आत आणि त्यानंतर ओली गोणपाटे.

माथ्याचे भोक बंद केलेले नाही, कारण मूळ घुमटातही तिथे कडे आहे आणि त्यावर संगमरवरी कळस. घुमटाचे काम १४३६ मध्ये पूर्ण होऊन ३० ऑगस्टला आशीर्वादाचा विधी झाला. ब्रुनेलेस्की एप्रिल १४४६ मध्ये वारला, तेव्हा कळसाचे काम नुकते सुरू झाले होते. टोकदार घुमटाच्या माथ्यावर वजन असणे फायद्याचे असते, कारण बाजूंच्या रेट्याने माथा वर उचलला जाऊ पाहतो. आम्ही कड्यावर दगडी उखळ ठेवले आहे. दिसायला ते विचित्र आहे, पण वजन योग्य जागी आहे.

६ एप्रिल

खर्च, रुपयांत: विटा २४,०००, चुना, सुरखी आणि वाळू ९,५००, मिस्त्रींची मजुरी ५४,०००, पाइप, हात, कडी आणि सळई ७,८००, मोठ्या विटांचे चाचणीचे तुकडे ६,७००. एकूण १,०२,०००. मजुरीचा मोठा हिस्सा उतरवून पुन्हा लावलेल्या थरांचा आहे. मधला पाइप आणि कडी पहिल्या दिवसापासून असतील, तर हाच घुमट बऱ्याच कमी मजुरीत व्हावा.

बाहेरच्या कवचाची एक बाजू पुढच्या आठवड्यात घेतो. तपशीलपत्राप्रमाणे ते तळाशी सव्वा ब्राच्चो जाड, म्हणजे आमच्याकडे साडेतीन सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त. यात गोल कडे मावत नाही. मूळ घुमटात ते बरगड्यांनी आणि आडव्या कमानींनी आतल्या कवचाला बांधलेले आहे. त्यासाठी कोपऱ्याच्या दोन्ही बरगड्या आणि मधल्या दोन, अशा चार बरगड्यांचे दाते आतल्या कवचातून आधीच बाहेर काढून ठेवले आहेत. कोणी फक्त आतले कवच बांधणार असेल तरी हे दाते सोडावेत. नंतर छिन्नीने खाचा पाडायला गेल्यास ओल्या चुन्याचा सांधा सुटतो.